‘अपात्र’ नक्की कोण? खोली की माणूस?

घाटकोपरची: मंडळी, एका शब्दावर बोलायचंय. आमच्या वस्तीत एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची स्कीम आलीय, घर कोणाला मिळणार, कोणाला नाही याची ‘परिशिष्ट २’ ही यादी मंडळाच्या खोलीबाहेर चिकटवलेली, आत्या चष्मा विसरलेली म्हणून मीच बोट फिरवत तिचं नाव शोधत होते. सापडलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा ‘अपात्र’. खाली राहणारा चुलत भाऊ पात्र, आणि लोखंडी शिडी चढून वरच्या माळ्यावर राहणारी आत्या अपात्र, कारण माळा धरतच नाहीत. घरी येईस्तोवर गप्प होती, मग म्हणाली, अगं अपात्र म्हणजे नालायकच ना? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा, या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा?

संस्कृतवाली: मूळ धातू ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून पात्र म्हणजे प्यायचं भांडं. नदीचं पात्र, नाटकातलं पात्र हे पुढचे अर्थ. ज्यात काही ठेवता येतं ते पात्र, त्यावरून ज्याला काही द्यावं असा माणूसही पात्र. आपण ‘सत्पात्री दान’ म्हणतो ते हेच, आणि गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाच्या प्रकरणातच ‘अपात्रेभ्यः’ आलंय. म्हणजे शब्द दानाच्या घरचा आहे, देणारा वर बसून घेणाऱ्याची परीक्षा करतो. तुमच्या आत्याबाईंना लागलं ते उगाच नाही.

विक्रोळीकर: मला एवढं ताणायला नको वाटतं. सरकारी मराठीत अपात्र म्हणजे नियमात बसत नाही, बास. आमदारपण अपात्र ठरतात की, त्यांना कोण नालायक म्हणतं?

घाटकोपरची: दादा, आमदार अपात्र ठरतो तो राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखाली, पक्ष सोडला, व्हिप म्हणजे पक्षादेश मोडला म्हणून, म्हणजे त्याने काहीतरी केलेलं असतं. झोपडीवाल्याने काय केलं? कट-ऑफ, म्हणजे झोपडी ज्या तारखेआधीची असावी लागते ती, आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर द्यायचं ठरलं. खोली तीच, माणूस तोच, भांडी घासायची मोरीपण तीच, फक्त मंत्रालयात तारीख सरकली आणि कालचा अपात्र आज पात्र झाला. मग तो गुण माणसाचा कसा काय? आणि पुरावा म्हणून मतदार यादी चालते, म्हणजे सरकार निवडायला आत्या पात्र, त्याच सरकारकडून घर घ्यायला नाही.

संस्कृतवाली: अजून एक, क्रियापद बघा. ‘ठरली’ म्हटलं की ठरवणारा गायबच होतो, जसं काय आपोआप घडलं. ‘ठरवलं’ म्हणा, लगेच प्रश्न येतो कोणी, कुठल्या कागदावरून. आणि २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००० नंतरच्या झोपड्यांनापण पाणी नाकारता येणार नाही म्हटलं, ते जगण्याच्या हक्कावर. तिथे न्यायालयाने पात्रतेची अट मानली नाही. दान म्हटलं की पात्र शोधतात, हक्क म्हटलं की माणूस असला की झालं.

विक्रोळीकर: हे पटलं, मी नियमाच्या बाजूने बघत होतो. मग शेरा ‘निकषात न बसणारं बांधकाम’ किंवा ‘पुरावा अपूर्ण’ असा हवा, तो खोलीला किंवा कागदाला लागेल, बाईला नाही. ताई, अपील केलं का?

घाटकोपरची: अर्ज कालच लिहिला. कोणीतरी दिलेल्या नमुन्यात ‘मी अपात्र असून’ अशी सुरुवात होती. ते खोडून ‘मला अपात्र ठरवण्यात आले आहे’ असं केलं आणि आत्याला वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला लावलं, मग सही केली.