व्यवस्था बदलल्याची तारीख आणि ती आपल्या घरी पोचल्याची तारीख (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात वडिलांची ट्रंक आवरताना एक पिवळी पडलेली पावती सापडली. टेलिफोनसाठी 1984 साली भरलेल्या अनामत रकमेची. फोन घरात प्रत्यक्ष वाजला 1993 मध्ये. ज्यांच्याशी बोलता यावं म्हणून तो नोंदवला होता, ते गावचे आजोबा तोवर राहिले नव्हते.

पुस्तकात तारीख असते 24 जुलै 1991. त्या दिवशी नवं औद्योगिक धोरण संसदेत मांडलं गेलं आणि संध्याकाळी डॉ. मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प वाचला. त्याच महिन्यात रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं होतं आणि रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं तारण म्हणून देशाबाहेर गेलं होतं. आमच्या घरी त्या महिन्यात चर्चा होती ती बहिणीच्या बारावीच्या निकालाची. खाउजा (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मोर्चाच्या घोषणेत, पुष्कळ नंतर.

तर मंडळी, कायदा झाला त्या दिवसाचं नको. तो तुमच्या उंबऱ्यावर आला तेव्हा काय झालं ते लिहा. कूळ कायद्यापासून जीएसटीपर्यंत काहीही चालेल. प्रत्येकाने आपल्या प्रतिसादाला मथळा द्या. देशाबाहेर असताना काही पाहिलं असेल तर तेही येऊ द्या. अमुक पक्ष की तमुक पक्ष ही कुस्ती मात्र दुसरीकडे खेळा.

कपाट

आमचा लोखंडी कपाटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पत्रा कापायचं नि वाकवायचं एकेक मशीन, दोन वेल्डर आणि रंगाला एक माणूस. कपाटं लघुउद्योगांसाठी राखीव होती, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना त्यात नव्याने उतरायला बंदी. पत्रा सरकारी कोट्यावर, ठरलेल्या दराने मिळायचा. कोट्याचा दर आणि बाजारभाव यांत इतकी तफावत असे की काही महाभाग शेडला कुलूप लावून नुसता कोटाच विकत. बाबा त्यांना 'कागदी कारखानदार' म्हणायचे. पण लग्नाकार्याला जायचं तर त्यांच्याच मोटारीतून जायचे, कारण मोटार त्यांच्याकडेच असायची.

यंत्रांमधली गुंतवणूक ठरावीक रकमेच्या वर गेली की लघुउद्योग हा दर्जा जायचा. म्हणून ऑर्डरी वाढल्या तेव्हा बाबांनी मोठं मशीन घेतलं नाही. आईच्या नावाने शेजारी दुसरी शेड टाकली. मधे भिंत, भिंतीला दार. तपासणीला कोणी येणार असं कळलं की दारापुढे एक कपाट उभं करायचं. आई 'तिच्या' कारखान्यात वर्षातून दोनदा यायची, खंडेनवमीच्या पूजेला आणि सह्या करायला.

1992 च्या जानेवारीत पोलादावरचं दर आणि वाटपाचं नियंत्रण गेलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. राखीव यादी मात्र एका झटक्यात गेली नाही. ती पाझरत्या माठासारखी रिकामी होत गेली. शेवटची 20 उत्पादनं 2015 मध्ये वगळली, त्यांत आमचं लोखंडी कपाट होतं! आणि मधल्या काळातली गंमत ऐका. 2001 मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठली. म्हणजे परदेशात बनलेलं कपाट बोटीतून आणता येत होतं, पण देशातल्या मोठ्या कारखान्याला तेच नव्याने बनवायचं तर निर्यातीची हमी द्यावी लागायची. आमचं संरक्षण असं कागदावर शाबूत राहिलं आणि गिऱ्हाईक प्लायवूडकडे गेलं.

आता मी बऱ्याच जणांसारखा परवाना राजला (पावलोपावली सरकारी परवानगी लागायची त्या व्यवस्थेला) शिव्या घालू शकत नाही. त्या भिंतीतल्या दारामुळेच आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं झाली. पण बाबांना मशीनचं वेड होतं. प्रदर्शनात जाऊन यायचे आणि दोन दिवस गप्प असायचे, ते आठवतं.

तिसरी पाळी

मुंबईच्या कापड गिरण्या खाउजाने बंद पाडल्या असं वाचलं की हसू येतं. आमची 1982 लाच पडली. 18 जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडील विणकाम खात्यात. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभेहून आले की आवाज बसलेला असायचा.

तो संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीरच झालं नाही. त्यामुळे वडीलही कधी 'संप संपला' म्हणाले नाहीत. 1995 सालीसुद्धा कोणी विचारलं तर म्हणायचे, 'चालू आहे.' दर महिन्याला गावी जाणारी मनीऑर्डर थांबली आणि गावाहून तांदळाचं पोतं यायला लागलं. आईने डबे सुरू केले. काम काही देशातून नाहीसं झालं नव्हतं, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं होतं. वडिलांनी तिथे दीड वर्ष काढलं. सूत तेच, हातही तेच. पास नाही, फंड नाही, पगार निम्म्याच्या खाली.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 ला निघाली. आमचा अर्ज होता, नंबर लागला नाही. वडील गेल्यावर कपाटात (त्या वरच्या दादांच्याच कारखान्यातलं असेल!) गिरणीचा पास सापडला, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला.

उद्देशिका

छोटीशी भर. घटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द आला 1976 मध्ये, आणीबाणीत, 42 व्या दुरुस्तीने. 1991 नंतर धोरण उलट्या दिशेला वळलं, शब्द जागेवरच. राजकीय पक्षाच्या नोंदणीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 29 अ हे कलम आहे, त्यानुसार पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. उद्या कुणी निव्वळ बाजारवादी पक्ष काढला तरी द्यावीच लागेल. मी वकिलीत असल्याने असले कागद हाताळतो. सही करणारे शक्यतो वाचत नाहीत.

धागाकर्ता

भिंतीतलं दार वाचून बराच वेळ बसलो होतो. आमच्या ओळखीतही असे दोन 'बायकोचे कारखाने' होते, आम्हाला ते स्त्रीसबलीकरण वाटायचं. येऊ द्या अजून.

सातबारा

माझे पणजोबा कूळ. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या तारखेला जो कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. मानला गेला हं, झाला नाही. किंमत ठरायची, ती हप्त्याने भरायची, मग कूळ कायद्याच्या कलम 32 म चा खरेदीचा दाखला. आमचा दाखला आला 1968 ला, आजोबांच्या हातात. जमीनमालकांच्या वाड्यावर आजोबा त्या दिवशीही मागच्याच दाराने गेले, हे आजी सांगायची. उलट बाजूही सांगते, ते मालक म्हणजे काही सरदार नव्हते. एक विधवा बाई आणि शाळामास्तर दीर. त्यांचंही पोट त्याच खंडावर होतं.

बरं, दाखला आला तरी सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'कलम 43 ला पात्र' हा शेरा राहिलाच. विकायचं तर परवानगी. 2014 च्या दुरुस्तीने दाखल्याला 10 वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट रक्कम भरून यातून सुटका झाली. रक्कम इतकी किरकोळ की ती भरायला जाण्याचं पेट्रोल जास्त झालं. 1957 चा कृषक दिन आमच्या घरी पूर्ण पोचायला चौथी पिढी लागली. शेरा गेल्यावर पहिल्यांदा काय झालं? चुलत्यांनी आपला वाटा विकायला काढला.

बोंड

विदर्भातून लिहितो. 1972 पासून आमच्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. मंदीच्या साली बरं वाटायचं, भाव ठरलेला. तेजी आली की मध्य प्रदेशच्या हद्दीपलीकडे भाव चढे आणि इकडे चुकाऱ्याची वाट बघा. माझ्या बापाने रात्री बैलबंडीने सीमेपार कापूस नेला आहे. स्वतःच्याच वावरातल्या कापसाची चोरी! शेतकरी संघटनेच्या सभांना आमचं अख्खं गाव जायचं ते याच रागातून.

पुढे योजना गुंडाळली गेली. आता कोणालाही विका, कुठेही विका. व्यापारी दारात येतो, काटा त्याचा, भाव त्याचा. बाप म्हणतो, तेव्हा निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते माहीत होतं.

डोंगल

मी दोनदा सरपंच होते. पहिल्यांदा 1997 ला. 73 व्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या होत्या, आमची जागा राखीव निघाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. खरं सांगायचं तर यांनाच उभं केलं होतं, नाव माझं. ग्रामसभेत मी खुर्चीवर, बोलायचे हे. ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर घेऊन घरी यायचे, मी चुलीपुढून उठून सही करायची. पण एक झालं. सही करता करता वाचायची सवय लागली. नळयोजनेच्या बिलात पाइप किती फूट लिहिलाय ते वाचलं आणि विहिरीपासून टाकीपर्यंत पावलं मोजत चालत गेले. फरक होता. तेव्हा काहीच बोलले नाही.

दुसऱ्यांदा 2017 ला. महाराष्ट्रात त्या वर्षी सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली होती. त्याआधी 2011 पासून बायकांचं आरक्षण 50 टक्के झालेलं. आणि सगळ्यांत मोठा बदल पैशाचा. केंद्राच्या 14 व्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर. पूर्वी जिल्हा परिषदेत खेटे घालायचे, आता पैसा गावातच. तर झालं काय, ज्या लोकांना पंचायतीत रस नव्हता ते सगळे एकदम गावाच्या विकासाला लागले!

सही गेली, डिजिटल सही आली. ती एका डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते. आजूबाजूच्या गावांत डोंगल कोणाच्या खिशात असतं ते विचारू नका. मी माझं डोंगल डाळीच्या डब्यात ठेवायचे. घरात तो डबा दुसरं कोणी उघडत नाही, ही इतक्या वर्षांची खात्री.

मॉस्को

1988 ते 94 तिकडे वैद्यकीय शिकत होतो. ऑगस्ट 1991 मध्ये बंडाच्या वेळी रस्त्यावर रणगाडे बघितले, पण भीती तेव्हा नाही वाटली. 2 जानेवारी 1992 ला बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे केले, भीती त्यानंतर. आमच्या शरीररचनेच्या बाई मेट्रोच्या दाराशी स्वतःची पुस्तकं मांडून उभ्या दिसल्या. त्यांनी मान वळवली, मीही दुसऱ्या दाराने गेलो. त्याच वर्षी दर नागरिकाला 10,000 रूबलचं खाजगीकरणाचं व्हाउचर मिळालं, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने ते दारूच्या बाटल्यांवर दिलं.

तुम्ही सगळे तीस-तीस वर्षांच्या गोष्टी सांगताय, तिथे ते एका हिवाळ्यात झालं. माझ्या प्रवेशपत्रावर एका देशाचं (सोव्हिएत संघाचं) नाव आहे, पदवीवर दुसऱ्या (रशियाचं). इथे आल्यावर प्रत्येक खिडकीवर ते समजावून सांगावं लागलं.

स्टाफरूम

आम्ही दोघं एकाच जाहिरातीतून निवडले गेलो, एकाच शाळेत. नेमणुकीचं पत्र ऑक्टोबर 2005 च्या शेवटच्या आठवड्यात मिळालं. तो लगेच रुजू झाला. आमच्याकडे आई म्हणाली, इतकी घाई कशाला, दिवाळी करून जा. 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. मी भाऊबीज आटपून गेले.

राज्य सरकारने 31 ऑक्टोबरला निर्णय काढला होता. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही, नवी अंशदान योजना, म्हणजे पगारातून कापून जमा होणाऱ्या पैशांतली पेन्शन. मला हे कळायला दीड वर्ष गेलं. तोवर पगारातून कपात होतेय आणि ती कुठे जमा होतेय, हे कार्यालयातही कुणी धड सांगत नव्हतं. त्याला जुनी पेन्शन लागू झाली, मला नवी. वर्ग एक, तास सारखेच, फळा एकच.

मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडताना तो माझ्या शेजारी उभा होता. त्याला यायची काही गरज नव्हती.

आई आता 81 वर्षांची आहे. दर दिवाळीला विचारते, तू तेव्हा थांबलीस ते बरं झालं की नाही? मी हो म्हणते.