भावाला लिथियम द्यावं का?

डिचोलीची_ताई
धाकटा भाऊ, वय 34, तीव्र नैराश्य. एस्सिटालोप्रॅम चालू करून दोन आठवडे होत आले. झोप सुधारली, पण "मी नसलो तर तुम्ही सुटाल" हे बोलणं चालूच आहे. आता डॉक्टर लिथियम जोडूया म्हणतात. आई म्हणते, ते वेड्यांचं औषध, देऊ नको. कोणाच्या घरी घेतात का?

फोंडेकर
आमच्याकडे बायको घेते. आधी एक सांगतो, एस्सिटालोप्रॅमचा पुरता गुण यायला चार-सहा आठवडे जातात, आत्ताच निकाल लावू नका. लिथियम 1949 पासून मनाच्या आजारांवर देतात. बायपोलरवर, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी पार खचतं त्या आजारावर जास्त, पण नुसत्या नैराश्यातही. आईंना म्हणावं, वेडाबिडाचा काही संबंध नाही.

सांभाळायचं असतं ते रक्तातलं प्रमाण. मे महिन्यात घाम गळतो, पाणी कमी पडलं की ते चढतं. मीठ कमी पडलं तरी तेच. आमच्या आईने बीपीच्या नावाखाली सगळ्यांच्याच पेजेतलं मीठ काढलं, तर डॉक्टर वैतागले! मीठ रोजच्याइतकंच हवं. हात थोडे थरथरतात, बशीत चहा सांडतो, ते चालतं. पण उलट्या-जुलाब लागले, तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टर गाठायचा. ब्रुफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. आणि बरं वाटलं म्हणून मनानेच औषध बंद करायचं नाही.

वॉर्डातली_सिस्टर
लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण 2022 साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. म्हणून नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मन सावरायच्या आधी अंगात हुशारी येते, तेव्हा जास्त लक्ष हवं. सगळी औषधं कुलपात, आठवड्यापुरतीच आणा. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, थेट बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात न्या. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 रात्रीही लागतो. फार बिकट असेल तर ईसीटीने, म्हणजे भूल देऊन मेंदूला देतात त्या विजेच्या हलक्या झटक्याने लवकर उतार पडतो. नाकात मारायचा एस्केटामाइनचा फवाराही काही तासांत काम करतो, पण तो दवाखान्यातच, नंतर दोन तास बसवून ठेवतात.

डिचोलीची_ताई
विचारलं. रडला, मग हो म्हणाला. आत्ताच बांबोळीला निघतोय, गाडीत मागे मी त्याच्यासोबत बसतेय. आईची गुडघ्याची ब्रुफेनसुद्धा कुलपात टाकली. पुढे लिथियम चालू झालं तर रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

फोंडेकर
लिथियमसाठी उपाशी लागत नाही. रात्रीच्या गोळीला 12 तास झाले की रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. पण चालू करण्याआधी किडनी-थायरॉईड बघतात, तेव्हा काय ते तिथेच विचारा. निघा.