मदत हवी: लोड न देताच क्यूबचा रेझिस्टन्स चढतोय

अडकलेला_बीई: परवा रिव्ह्यू आहे. काँक्रीटमध्ये कार्बन फायबर घालून सेल्फ-सेन्सिंग, म्हणजे स्वतःवरचा दाब नि चीर स्वतःच ओळखणारे क्यूब केलेत. दाबलं की रेझिस्टन्स उतरायला पाहिजे, चीर पडली की चढायला. इथं मशीनवर ठेवायच्या आधीच आकडा चढत सुटलाय. कुणी केलंय का? लवकर सांगा.

उद्यमनगरी: मोजतोस कशानं? वायरी दोन का चार? क्यूब पाण्यातनं कधी काढले?

साईटवाले_काका: कशाला हा उद्योग? स्ट्रेन गेज (ताण मोजायची पट्टी) चिकटवा, मोकळे व्हा. आमच्या काळात हातोडा वाजवूनच कळायचं.

उद्यमनगरी: काका, गेज चिकटवला तेवढ्याच जागेचं सांगतो. इथं अख्खा क्यूबच सेन्सर आहे.

पंचगंगाकाठ: आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी पुलाला बसवा हे. २०१६ ला महाडला सावित्रीवरचा पूल रात्रीत गेला, विसरलात?

साईटवाले_काका: अहो, दोन्ही दगडी पूल. फायबर काय दगडात कालवणार?

गच्ची_गळती: हे फायबर स्लॅबच्या गळतीला चालतं का? किलो कसं पडतं?

साईटवाले_काका: आधी जुना कोबा उखडा, उतार बघा. फायबर राहू द्या.

अडकलेला_बीई: अहो, माझं राहिलंच! साधा मल्टिमीटर, दोन वायरी. टाकीतनं काढून, पुसून लगेच लावला. १० मिनिटांत ४.१ वरून ६.३ किलोओहम. फायबर ०.५ टक्के, सिमेंटच्या वजनावर.

उद्यमनगरी: हे आधी लिहायचं रे. मल्टिमीटर डीसी सोडतो. ओल्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्यात आयन दोन्ही टोकांना गोळा होतात, म्हणून आकडा चढतो. एलसीआर मीटर एसी सोडतो, त्यावर १ किलोहर्ट्झला बघ. जमलं तर चार वायरी: बाहेरच्या दोनमधनं करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज. पण एवढा चढतोय म्हणजे करंट फायबरमधनं जातच नसावा. मिक्स कसं केलंस? बिनफायबरचा क्यूब असला तर तोही लावून बघ.

अडकलेला_बीई: सगळं एकदम मिक्सरात टाकलं. साधा क्यूब पण तसाच चढतोय. फायबरवाला एक फोडला, तर आत काळा गुंता, न्हाणीच्या जाळीत केस अडकतात तसा.

उद्यमनगरी: मग झालं. गुठळ्या एकमेकींना टेकल्याच नाहीत. पुढच्या वेळी सिलिका फ्यूम (सिलिकाची अगदी बारीक पूड) घाल, फायबर थोडं थोडं सोड.

अडकलेला_बीई: पुढची वेळ कुठली? परवा रिव्ह्यू आहे म्हटलं ना!

उद्यमनगरी: फोडलेला क्यूब आणि साध्या नि फायबरवाल्या क्यूबचे ग्राफ घेऊन जा. आकडा कशामुळं चढतोय ते तरी सांगता येईल.

गच्ची_गळती: उतार किती ठेवायचा, काका?