रानातल्या मुक्कामाला शब्द हवाय: ‘बिलाँगिंग’ला मराठीत काय म्हणाल?

आडवाट

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जण भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो होतो. सगळी क्वीअर मंडळी, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे. काजवे बघायचे तर टॉर्च बंद, मोबाइल खिशात. सादड्याच्या झाडाखाली शेजारच्याचा चेहराही दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा. त्या काळोखात एकेकानं आपापली गोष्ट सांगितली. पहिल्यानं सुरुवातच अशी केली: “काजवे याआधी एकदाच बघितलेत. आठवीत, बापानं कानाखाली वाजवली तेव्हा.” सगळे खदखदून हसले, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या रात्रीच्या गोष्टींची एक छोटी पुस्तिका काढतोय. चाळीस प्रती, आपसात वाटायला. नावापाशी अडलंय. तिथं जे वाटलं त्याला सगळे ‘बिलाँगिंग’ म्हणत होते. मराठीत काय म्हणायचं? ‘आपलेपणा’ समोरच्यानं दाखवायचा असतो, ‘आपुलकी’ चहा पाजणाऱ्याकडे असते. ‘एकरूपता’ म्हटलं की अगरबत्तीचा वास येतो.

शोधताना एक गंमत लक्षात आली. आमच्याकडचे शब्द बहुतेक वाटेचे आहेत. 1994 साली मुंबईत निघालेली संस्था ‘हमसफर’, 2002 साली पुण्यात निघालेली ‘समपथिक’. ‘तृतीयपंथी’मध्येही पंथ म्हणजे वाटच. सगळे चालतायत, पोचल्यावर काय म्हणायचं ते कुणी ठरवलेलंच नाही. मला मुक्कामाचा शब्द हवाय.

पाटीपेन्सिल

‘थारा’ घ्या. ‘त्याला कुणी थारा देईना’ म्हणतो, तसंच ‘जीवाला थारा नाही’, ‘चित्त थाऱ्यावर नाही’. बाहेरची जागा आणि आतलं मन, दोन्हींना एकच शब्द पुरतो. तुम्हाला हेच हवं असावं.

आडवाट

जवळ आलात, सर. पण थाऱ्यात देणारा आणि घेणारा वेगळे पडतात. रानानं आम्हाला काही दिलं असं वाटलं नव्हतं. आम्ही तिथलेच होतो, इतकंच.

ओढ्याकाठची

मग ‘आसरा’ही बाद. तोही द्यावा लागतो. पण आमच्याकडे पाण्याच्या डोहाजवळ ‘साती आसरा’ असतात, शेंदूर लावलेले सात दगड. तिथला आसरा ‘आश्रय’वरून आलेला नाही, ‘अप्सरा’वरून आलाय. निवाऱ्याचा आसरा वेगळा, पाण्यातल्या सातजणी वेगळ्या, उच्चार मात्र एकच. लहानपणी मला वाटायचं की डोहात उतरताना आजी त्यांच्याकडे निवारा मागतेय.

सडेतोड

विषय शब्दांचा आहे म्हणून विचारतो, राग नसावा. निसर्गात कुणी कुणाला लेबल लावत नाही. मग रानात जाऊन पुन्हा क्वीअर कशाला? माणूस म्हणून जा की.

आडवाट

राग नाही. पण ‘निसर्ग’ हा शब्द आमच्या वाट्याला आधी लेबल म्हणूनच आला. 1860 च्या दंडसंहितेतल्या 377 कलमात गुन्हा होता तो ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ वागण्याचा. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, तरी ‘अनैसर्गिक’ हा शब्द पेपरातून हललेला नाही. बातमी बलात्काराची असते, पीडित मुलगा असतो, आणि मथळ्यात ‘अनैसर्गिक कृत्य’. जणू मुलीवर झालेला बलात्कार नैसर्गिक असतो.

आणि तुम्ही म्हणता तसं रान रिकामं नसतं. आपण ट्रेकला जातो तिथं महादेव कोळी, ठाकर यांची घरं आहेत, हिरड्याची झाडं आहेत, गुरं आहेत. आम्ही उतरलो त्या घरच्या मावशींनी पहिल्यांदा काय विचारलं माहितीय? “तुमी दोगं एकमेकांचं कोन?” घशाला कोरड पडली. उत्तर जुळवतोय तोवर त्यांचा पुढचा प्रश्न आला: “वाकळा दोन देऊ का एक?” एक पुरेल म्हटलं. त्यांनी एक दिली, वर एक जादा उशी दिली, आणि भाकऱ्या थापायला गेल्या. त्यांना काय कळलं, काय नाही, मला सांगता येणार नाही.

पाटीपेन्सिल

सडेतोड, ‘निसर्ग’ या शब्दाचीच चौकशी करा. संस्कृतात निसर्ग म्हणजे मुख्यतः स्वभाव, उपजत ठेवण. ‘निसर्गतः’ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. डोंगर, झाडं, धबधबे हा अर्थ पुढे चिकटला. जुन्या अर्थानं अनैसर्गिक म्हणजे स्वतःच्या स्वभावाविरुद्धचं. मग मुलाच्या मनात नसताना त्याला बोहल्यावर चढवणं हे कशात बसतं, ते तुम्हीच ठरवा.

‘जंगल’ची कथा तर उलटीच. आयुर्वेदात ‘जांगल देश’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख, आणि दलदलीचा तो ‘आनूप’. आज जंगल म्हणजे गर्द झाडी. अर्थ इतके कोलांट्या मारतात, तिथं कुठल्या शब्दाच्या जोरावर कुणाला बाहेर काढायचं?

पंचगंगा

‘रान’ घ्या की. आमच्याकडं रान म्हंजे जंगल बी आणि शेत बी. ‘बा रानात गेलाय’ म्हटलं की वाघ बघायला गेलेला नसतो, ऊस पाजायला गेलेला असतो. रानभाजी, रानमेवा सगळ्यांना गोड लागतो, ‘रानटी’ म्हटलं की शिवी होते. एकच रान, प्रत्यय बदलला की इज्जत गेली.

आडवाट

‘अरण्य’चंच ‘रान’ झालं, पण अरण्यात वनवास होतो आणि रानात न्याहारी. पुस्तिकेच्या नावात रान येणारच. ‘रानगोष्टी’ ठरत आलंय, खाली दुसरी ओळ हवीय, त्या मुक्कामाच्या शब्दाची.

झाडपाला

थोडं अवांतर. ‘उभयलिंगी’ शब्द शाळेत जास्वंदीसाठी शिकलो, एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर. माणसांच्या बाबतीत तोच शब्द स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्यांना वापरतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तिकेत आला तर घोळ होईल, एवढंच.

सडेतोड

मघाचा प्रश्न मागे घेतो. एक साधा प्रश्न: आडवाट, तुम्ही ताई की दादा? काय म्हणून हाक मारायची कळेना.

आडवाट

वर सगळं परत वाचा, सापडलं तर सांगा.

पाटीपेन्सिल

शाब्बास! मी दोनदा वाचलं. पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं आणि हे माझ्या डोळ्यांसमोरून निसटलं. ‘आम्ही गेलो’ बायकाही म्हणतात, पुरुषही म्हणतात. ‘मला वाटतं’मध्ये लिंग दिसत नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ तर फारच सोयीचा: ‘मी डोंगर पाहिला’, ‘मी नदी पाहिली’, ‘मी रान पाहिलं’. लिंग डोंगराचं, नदीचं, रानाचं. पाहणाऱ्याचं नाहीच. ‘मी चढलो’ किंवा ‘मी चढले’ म्हटलं की पकडले जाल, ‘मी गड पाहिला’ म्हणेपर्यंत सुरक्षित.

आडवाट

सर, तुम्ही ओळखलंत. ही सवय आहे, कसरत नाही. आठ वर्षं घरी प्रत्येक ट्रेकची गोष्ट अशीच सांगून झाली. आई विचारायची, “सोबत कोण होतं?” तिच्या प्रश्नातच नपुंसकलिंग असायचं, उत्तरही तसंच द्यायचं: “होतं कुणीतरी ऑफिसातलं.” हरिश्चंद्रगडावर ‘कुणीतरी’ होतं, राजमाचीला ‘कुणीतरी’ होतं. पाच वर्षांनी आई म्हणाली, “त्या कुणीतरीला एकदा जेवायला आण.”

रानात बसल्यावर मात्र नऊच्या नऊ जणांनी पूर्ण वाक्यं बोलली. तो म्हणाला, ती आली, मी रडले, मी पळालो. एकानं तर त्या रात्री पहिल्यांदा स्वतःसाठी ‘गेले’ वापरलं. आवाज थोडा अडखळला. अंधार होता, कुणी मान वळवून बघितलं नाही. मला जो शब्द हवाय तो त्या ‘गेले’नंतर पडलेल्या शांततेसाठी.

पंचगंगा

आमच्या कोल्हापूरकडं बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझी आई जन्मभर ‘मी जातो’ म्हणाली. पुण्यात हॉस्टेलला पोरी हसल्या तेव्हा मी ‘जाते’ शिकले. आता इथं लिहिताना ‘जाते’ लिहिते, आईशी फोनवर ‘जातो’. त्या पोराला सांगा, क्रियापद बदलल्यावर पहिले दोन महिने जीभ अडखळती, मग सरावती.

पाटीपेन्सिल

सकाळी फिरताना सुचलं. इतका वेळ समोरच होतं. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसत, तिथलं आपल्याला शाळेपासून पाठ आहे: ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’. शब्द घ्या: सोयरे.

भाऊबंद रक्ताचे, सोयरे लग्नातून जुळलेले. सोयरीक ‘जुळते’, ती जन्मानं मिळत नाही. गंमत म्हणजे व्युत्पत्ती साधारणपणे ‘सोदर’पासून लावतात, म्हणजे एकाच उदरातून आलेला. सख्ख्या भावाचा शब्द चालत चालत सासरच्या माणसांकडे गेला. आणि ज्याच्याशी आपला काही संबंध नाही त्याचं ‘सोयरसुतक’ नसतं. नातं आहे की नाही याची आपली कसोटी केवढी रोखठोक: तो गेला तर सुतक लागतं का?

ओढ्याकाठची

2024 च्या जानेवारीत आरक्षणाच्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ आले आणि शब्दाचा अर्थ महिनाभर टीव्हीवर कुटला गेला. तिथली सगळी मारामारी लग्नावर होती, तेही सजातीय.

आडवाट

लग्नावरच तर घोडं अडतं. 17 ऑक्टोबर 2023 ला घटनापीठानं सांगितलं की आमच्या लग्नाला मान्यता देणं कोर्टाचं काम नाही, ते संसदेनं बघावं. म्हणजे सोयरीक जुळवायचा जो एकमेव रस्ता मराठीला ठाऊक आहे, तो आमच्यासाठी बंद आहे. आणि तुकोबा मधलं लग्न वगळून थेट झाडांना सोयरे म्हणून मोकळे झाले. मांडव नाही, याद्या नाहीत, देणंघेणं नाही. लगेच पुढे म्हणतात, ‘नाहीं गुणदोष अंगा येत’. सर, हा थाऱ्याच्या पुढचा शब्द आहे. यात देणारा-घेणारा नाही, दोन्हीकडचे सोयरेच.

नऊपैकी दोघांना घरच्यांनी तोडलंय. एकाचे वडील वारले तेव्हा त्याला कळवलंसुद्धा नाही, कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तो भंडारदऱ्याला म्हणाला होता की सुतक पाळायचं राहूनच गेलं. तेव्हा त्याला काय म्हणावं सुचलं नव्हतं.

सडेतोड

‘रानगोष्टी’च्या खाली ‘सोयरे’ लिहा. बात खतम.

पाटीपेन्सिल

थांबा, ‘सोयरे’ नको. तुकोबांनी ‘सोयरीं’ लिहिलंय. वृक्ष पुल्लिंगी, वल्ली स्त्रीलिंगी, वनचरें नपुंसकलिंगी. अशी सरमिसळ झाली की मराठी सगळ्यांना नपुंसकलिंगी अनेकवचनात घेते. ‘मुलं-मुली सगळी आली’ म्हणतो, ती हीच. तुमच्या नऊ जणांना ‘सोयरे’ म्हटलं तर सगळे पुरुष होतात. ‘सोयरीं’त सगळी मावतात.

नपुंसकलिंग हे नाव वाईट आहे, ते मी ठेवलेलं नाही. पण मूल, लेकरू, पाखरू, फूल, झाड, रान, मन ही सगळी त्यातच राहतात.

पंचगंगा

पण टिंब काढलं की ‘सोयरी’ हुतंय. वाचणाऱ्याला वाटंल एकच बाई.

पाटीपेन्सिल

बरोबर. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हा हे टिंबही गेलं. नियमाप्रमाणे मी लाल पेननं खोडलं असतं. या वेळी ठेवा.

आडवाट

ठेवलं. ‘रानगोष्टी’, खाली लहान अक्षरात ‘आम्हां सोयरीं’.

पुस्तिका आज आली. छपाईवाल्यानं दोन्ही टिंबं चूक समजून काढून टाकलीत, ‘आम्हा सोयरी’. परत छापायला पैसे नाहीत. मी आणि कुणीतरी काळं जेलपेन घेऊन बसलोय, चाळीस प्रती, प्रत्येकीवर दोन टिंबं. सव्वीस झाल्या.