कॉटखाली बसतील असे स्वस्त बॉक्स कुठले घ्यावेत?

प्रश्न: दोन खोल्यांचं भाड्याचं घर, स्वेटर, चादरी, पोराची जुनी पुस्तकं सगळं पिशव्यांत कोंबलंय, झाकणाचे बॉक्स पायजेत, बजेट हजाराच्या आत. ऑनलाइन मागवू का इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला बघू?

उत्तर: ताई आधी कॉटखालची उंची टेपनं मोजा. मी न मोजता तीन आणले, झाकण लावलं की आत जाईनात, आता गॅलरीत पडल्यात. ऑनलाइनला लिटर लिहितात त्यावरून काय कळत न्हाई, सेंटिमीटर बघा.

उत्तर: दुकानातच जावा, दाबून बघता येतं. बुडाला त्रिकोणात 5 आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असंल तर प्लास्टिक जरा लवचिक असतं. काचंसारखे कडक दिसतात ते आपटले की तडकतात. आणि पुस्तकं मोठ्या बॉक्समधी भरू नका, उचलताना कंबरडं मोडतंय.

उत्तर: नदीकडंला ऱ्हात असाल तर कागदपत्रं कॉटखाली नकोच, 2019 च्या पुरात आमची ट्रंक तिथंच होती. माळ्यावर टाका.

प्रश्नकर्ती: मोजलं, 9 इंच हाय. रविवारी जाते.