प्रभुभोजनाआधीचं एक मिनिट पुरतं का?

नगरचा (धागाकर्ता)

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीतून खायचा विधी. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब सांगतात, "आपापलं अंतःकरण तपासा." मग मिनिटभर शांतता. पंख्याचा आवाज, कुठंतरी एखादं लेकरू कुरकुरतं, आणि आमेन. त्या मिनिटात आपण बहुतेक जण "प्रभू, मी पापी आहे, क्षमा कर" एवढं म्हणून मोकळे होतो. पाप कोणतं, कोणाविरुद्ध, ते बोलतच नाही.

हे माझ्याच अंगावरचं सांगतो. वडील गेल्यावर मी बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलामुलीचा वाटा सारखा. मला ते माहीत होतं, तिला नव्हतं. "दादा, सही कुठं करू?" तिनं विचारलं आणि मी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. पुढं आठ वर्षं त्याच बोटांनी भाकर उचलली. दर वेळी राग आठवायचा, आळस आठवायचा, प्रार्थनेचा कंटाळा आठवायचा. हे आठवत नव्हतं, म्हणजे मी आठवू देत नव्हतो. आता तिचा वाटा तिला परत द्यायचं ठरवलंय.

योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी बायबलात सुंदर शब्द आहे: पापं 'पदरी घेणं', म्हणजे कबूल करणं. पदरात घ्यायचं तर ते नेमकं काय हे बघावंच लागतं. पापाचं नाव घेतल्याशिवाय आणि ज्याचं लुबाडलं त्याला परत दिल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असं माझं ठाम मत झालंय. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशू भेटल्यावर चौपट परत द्यायला उभा राहिलाच ना? तुमचं मत सांगा.

कृपेनेच

दादा, वाटा परत देताय, देव तुमचं भलं करो. पण तुमचा नियम सगळ्यांना लावू नका.

माझी आई बावीस वर्षं प्रभुभोजन न घेता चर्चमध्ये बसली. 'जो कोणी अयोग्य प्रकारे खाईल' हे प्रभुभोजनाबद्दलचं प्रेषित पौलाचं वाक्य तिच्या मनात रुतलं होतं. तरुणपणी ती सासूला काहीतरी लागेल असं बोलली होती. समेट व्हायच्या आत सासू वारली. आता कोणाला काय परत द्यायचं? भाकरीचं ताट आलं की आई मान खाली घालून ते शेजारणीकडे सरकवायची. शेवटच्या दुखण्यात पाळक घरी आले, तेव्हाही म्हणाली, "माझं तपासायचं राहिलंय." ते राहूनच गेलं.

आणि जक्कयाचं म्हणता, तर क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरला, चौपटीचं बोलणं मागाहून. उलट यहूदा बघा, पैसे घेऊन येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. निर्दोष रक्त धरून दिलं, असं पापाचं नाव घेऊन त्यानं कबूल केलं, तीस रुपयेही परत केले. तुमच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. आणि त्यानं गळफास घेतला. प्रोटेस्टंट सुधारणेचा मार्टिन लूथर मठात असताना तासन् तास पापकबुली देत बसायचा, तरी त्याला शांती मिळाली नाही. स्वतःत खणत राहणाऱ्याला तळ सापडत नाही. क्षमा वर बघणाऱ्याला मिळते.

मालवणकरीण

मी कॅथलिक, आमच्याकडे कुमसार असतो, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायची आणि त्यांनी देवाची क्षमा सांगायची. तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं, कृपेनेच. तुमच्या आईला "बाई, झाली क्षमा, आता ते पुन्हा काढू नकोस" असं बाहेरून सांगणारं कोणी नव्हतं. माणूस स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश झाला की खटला कधी संपत नाही.

पण नगरच्या दादांचंही बरोबर आहे. आमची शिकवणही तीच: पापक्षमा मिळाली तरी चोरलेलं परत द्यावंच लागतं. कामवाली आजारी होती तेव्हाचा तिचा पगार मी कापला होता. कुमसाराला सांगितल्यावर फादरनी पहिला प्रश्न केला, "पैसे दिलेस का?"

कृपेनेच

क्षमेसाठी मध्ये फादर लागतो हे मला मान्य नाही. पण आईला कोणीतरी "पुरे" म्हणायला हवं होतं, हे खरं. मीही कधी म्हणालो नाही.

शेवटचा बाक

ज्या वाक्यानं त्या माउलीला बावीस वर्षं अडवलं, ते पौलानं कोणाला लिहिलं ते त्याच अध्यायात आहे. करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाला पैसेवाले आधी जेवून घ्यायचे, प्यायचे, आणि गरीब उपाशी राहायचे. अयोग्य म्हणजे ते. मनात खोल दडलेल्या डागाबद्दल तो बोलतच नव्हता.

म्हणून माझं दोघांशीही पटत नाही. त्या मिनिटात प्रत्येक जण 'मी' तपासतो, 'आम्ही' कोणी तपासत नाही. माझ्या भावाला आमच्याच मंडळीतलं स्थळ आलं होतं. बैठकीत मुलीच्या मामानं विचारलं, "तुमचं मूळ कुठल्या वाड्यातलं?" उत्तर ऐकलं, चहा प्यायले, पुन्हा फोन आला नाही. बाप्तिस्मा घेऊन दोन्ही घरांच्या चार पिढ्या झाल्यात. पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी एकाच भाकरीतून खाल्लं. हे पाप कोण पदरी घेणार?

नगरचा (धागाकर्ता)

कृपेनेच, यहूदाच्या मुद्द्यानं मला दोन दिवस झोप लागली नाही. माझं उत्तर असं: तो पैसे घेऊन याजकांकडे गेला. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. ज्याला धरून दिलं त्याच्याकडे तो गेला नाही. येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणालेला शिष्य पेत्रही रडला, पण पुढं समुद्रकाठी येशूसमोर उभा राहिला, 'माझ्यावर प्रेम करतोस का' असं त्यानं तीनदा विचारलेलं ऐकून घेतलं. तरी क्रमाबद्दल तुमचं मान्य करतो. क्षमा आधीच आहे हे माहीत नसतं, तर बहिणीच्या दारात जायची माझी हिंमत झाली नसती.

तिथं काय झालं ते लिहायचं राहिलं. तिनं चहा टाकला. बक्षीसपत्राचा मसुदा वाचलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

होतं. शेवटचा बाक, तुम्ही म्हणता तो 'आम्ही' माझ्या घरातच निघाला. आई दर रविवारी माझ्या शेजारी बसते, त्या मिनिटात तीही डोळे मिटते. नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे. आईशी मी अजून बोललेलो नाही.