सफरचंदाला दर महिन्याला खत देतोय, तरी फळावर तपकिरी खड्डे का पडतायत?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, माझी सफरचंदाची झाडं 7 वर्षांची आहेत, पानं काळपट हिरवी, शेंडे हातभर वाढलेत, पण मागच्या वेळी फळं काढून ठेवली आणि महिनाभरात त्यांच्या खालच्या बाजूला तपकिरी खड्डे दिसायला लागले, कापून बघितलं तर सालीखाली बुचासारखा कोरडा गर आणि चवीला कडू. 19:19:19 (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही सारखं असलेलं खत) दर महिन्याला देतो, अगदी काढणीपर्यंत. अजून काय कमी पडतंय?

उत्तर 1:
कमी नाही हो, जास्त होतंय! हा बिटर पिट नावाचा फळाचा विकार, फळाला कॅल्शियम कमी मिळालं की होतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, पाणी जास्त उडतं पानांतून, मग ते तिकडेच ओढलं जातं आणि फळाच्या वाट्याला थोडकंच येतं, त्यात नत्राने शेंडे फोफावले की तेही ओढून घेतात आणि जास्तीचं पालाश मुळाशीच कॅल्शियमला आडवं येतं. फळावरच्या झाडाला वर्षाला 20-30 सेंमी वाढ भरपूर झाली. यंदा नत्र बंद ठेवा, बिनधास्त. वसंतातली पहिली फूट झाड खोडामुळात साठवलेल्या नत्रावरच काढतं.

उत्तर 2:
वरच्यांशी सहमत. पाकळ्या गळून 2-3 आठवडे झाले की कॅल्शियम क्लोराइड फवारायला लागा, लिटरला 3-4 ग्रॅम, दर 2 आठवड्यांनी काढणीपर्यंत. फवारा फळावर बसला पाहिजे, पानावर पडलेलं कॅल्शियम फळात उतरत नाही. कडक उन्हात मारू नका, पानांच्या कडा करपतात, मी एकदा दुपारी मारून बसलोय. आणि पाणी एकसारखं द्या, आठवडाभर कोरडं मग एकदम भरपूर असं केलंत तर फवारणी करूनही डाग येतील.

प्रश्नकर्ता:
बापरे, म्हणजे मीच अति खाऊ घातलं. मग परत नत्र कधी द्यायचं हे कसं कळणार?

उत्तर 1:
पान परीक्षण करा, म्हणजे पानं प्रयोगशाळेत देऊन त्यात नत्र किती आहे ते तपासून घ्या. पाकळ्या गळल्यावर 8-10 आठवड्यांनी, यंदाच्या शेंड्याच्या मधली पानं देठासकट, वेगवेगळ्या झाडांवरून. फळावरच्या झाडाच्या पानांत नत्र साधारण 2 ते 2.4 टक्के असलं की ठीक. त्याखाली गेलं तरच द्या, तेही कळ्या फुटायच्या सुमारास, उन्हाळा सरताना नाही, नाहीतर फळाला रंग धरत नाही.